सही केली तरी न सुटणारा हक्क

माझा पहिला पेपर स्वीकारला गेला तेव्हा जर्नलकडून कॉपीराइट हस्तांतराचा फॉर्म आला. आनंदाच्या भरात मी तो न वाचताच सही करून पाठवला. वर्षभराने त्यातलीच एक आकृती दुसरीकडे वापरायची वेळ आली, तर परवानगी मागावी लागली. आकृती माझी, परवानगीही मीच मागायची! तेव्हा कुठे मी कॉपीराइट कायदा उघडला. त्यात मला हिंदी सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांचा प्रश्न भेटला. तो तुम्हाला सांगते, कारण तो आपल्यापासून फार लांब नाही.

१९५७ च्या कायद्यानुसार निर्मिती करणारा हाच पहिला मालक. पण कलम १७ मध्ये काही अपवाद आहेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : निर्मात्याने मोबदला देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात जागाच नाही, याकडे लक्ष वेधलं. गायक-वादकांचे हक्क कायद्यात यायला १९९४ उजाडलं.

तुम्ही म्हणाल, मग वेगळा करार करायचा ना! खरी मेख इथेच आहे. नव्या गीतकाराला काम हवं असतं. छापील करारात ‘सर्व हक्क, कायमचे’ असं लिहिलेलं असतं. त्याने सही केली नाही, तर दुसरा कोणीतरी करतो. म्हणजे कागदावर दोघे बरोबरीचे, प्रत्यक्षात नाहीत.

२०१२ च्या दुरुस्तीने नेमकं हेच ओळखलं. राज्यसभेत तेव्हा सदस्य असलेले जावेद अख्तर यांनी हा मुद्दा लावून धरला होता. आता कलम १८ सांगतं की सिनेमागृहात सिनेमासोबत वाजणं सोडून गाण्याचा इतर कुठलाही वापर झाला, तर रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा समान वाटा आहे. आणि हा वाटा त्याला सोडताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. तसा करार लिहिला तरी तो रद्दबातल.

किमान वेतनाचं तत्त्व आठवा. कामगाराने स्वतः कमी पगारावर सही केली, तरी तो करार चालत नाही. दुबळ्या बाजूचा हक्क सहीने सुटत असेल, तर तो हक्क नावापुरताच उरतो. २०१२ ने हे कामगार कायद्यातलं तत्त्व कॉपीराइटमध्ये आणलं.

पण कायदा झाला म्हणजे पैसे पोचले, असं नाही. दुरुस्तीनंतर रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायट्यांना पुन्हा नोंदणी करायची होती. गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएसची ती नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. एफएम रेडिओने त्यांना रॉयल्टी द्यायची की नाही, हा वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश आला तो एप्रिल २०२३ मध्ये. शिवाय कलम १८ च्या या तरतुदीत सेटवरचा लाइटमन, मेकअपवाला, ज्युनियर आर्टिस्ट येत नाहीत. त्यांचा प्रश्न मजुरीचा, कामाच्या तासांचा आणि लेखी कराराचा. रॉयल्टीने तो सुटत नाही.

म्हणून या विषयावर रिसर्च करणार असाल, तर ‘कायदा चांगला की वाईट’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. चार साधे प्रश्न विचारा. हक्क कोणाला दिलाय? तो सहीने सोडता येतो का? पैसे कोण गोळा करतं? आणि कोण बाहेर राहिलं? प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या जागी मिळेल : कलमात, करारात, सोसायटीच्या हिशोबात आणि सेटवर.

आणि हो, तुमच्या पहिल्या पेपरचा फॉर्म येईल तेव्हा कलम १८ मधलं हे संरक्षण तुमच्या मदतीला येणार नाही. ते गीतकार-संगीतकारांसाठी आहे. आपल्यासाठी तसं कोणी भांडलेलं नाही. तेव्हा सही करण्याआधी फॉर्म वाचा.