दोन किल्वर बोललात, पुढे काय?

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 पानं आणि दहा रंग असतात. त्या खेळात हुकूम नाही, बोलीही नाही. ब्रिजमध्ये 52 पानंच, पण अर्धा खेळ बोलीतच होतो.

एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1 असे गुण मोजतात. हातात 22 किंवा जास्त गुण आले की अनेक जण ‘दोन किल्वर’ बोलतात. ही सांकेतिक बोली आहे. किल्वर हातात असेलच असं नाही. पानं जबरदस्त आहेत एवढंच भिडूला कळतं. भिडू बहुधा ‘दोन चौकट’ म्हणून वाट पाहतो. खरी माहिती मिळते ती ‘दोन किल्वर’ बोलणाऱ्याच्या दुसऱ्या बोलीतून.

समतोल पानांवर ‘दोन नो ट्रम्प’ म्हणजे 22 ते 24 गुण. 25 असतील तर? थेट ‘तीन नो ट्रम्प’ बोललं की एक अख्खी पायरी वाया जाते आणि भिडूला बदाम-इस्पिकचा मेळ शोधायला फारशी जागा उरत नाही.

कॅनडाचे एरिक कोकिश यांच्या नावाची युक्ती इथे कामी येते. ‘दोन बदाम’ या बोलीला दोन अर्थ दिले: खरे बदाम, किंवा 25 किंवा जास्त गुणांचा समतोल हात. भिडू ‘दोन इस्पिक’ बोलतो. त्यावर ‘दोन नो ट्रम्प’ आलं तर हात समतोल. दुसरं काही आलं तर बदाम खरे.

वाचलेल्या जागेची किंमत बदामवाल्या हातांना मोजावी लागते, पण सौदा फायद्याचा आहे. मात्र सांकेतिक बोली प्रतिस्पर्ध्यांपासून लपवता येत नाही. म्हणून नवी ओपनिंग घेण्याआधी भिडूसोबत बसा आणि पुढच्या दोन बोली कागदावर लिहून काढा.