खात्याची ओळख पटवणारे ईमेल

नवे खाते उघडले की खातरजमेचा ईमेल येतो. पासवर्ड विसरला की तो बदलण्याची लिंक येते. अनेक संकेतस्थळे यासाठी प्रणालीतला तयार, बहुधा इंग्रजी मजकूरच वापरतात. सोलापूरच्या भवानी पेठेतून चादरी-टॉवेल ऑनलाइन विकायचे, तर अनोळखी नावाचा असा ईमेल ग्राहक फसवणूक समजून पुसून टाकेल, आणि ते योग्यच.

जँगो या वेब-फ्रेमवर्कमध्ये पासवर्ड-बदलाच्या ईमेलचा विषय आणि मजकूर वेगवेगळ्या टेम्प्लेटमध्ये असतो. त्याच नावाच्या फाइल आपल्या प्रकल्पात ठेवल्या की मूळ मजकुराची जागा त्या घेतात. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या सोलापुरात ग्राहकाने निवडलेल्या भाषेत ईमेल जाणे अगत्याचे आहे. मजकूर बदलताना लिंकमधील टोकन (विनंती खरी असल्याची खूण) मात्र जसेच्या तसे राहू द्यावे. ते एरवी ३ दिवस चालते. ही मुदत कमी करणेच शहाणपणाचे.

गूगलच्या फायरबेस सेवेत मात्र खातरजमेच्या ईमेलचा मुख्य मजकूर बदलता येत नाही. गैरवापर रोखण्यासाठी ही मर्यादा आहे. पाठवणाऱ्याचे नाव बदलता येते, स्वतःचे डोमेनही जोडता येते. त्या डोमेनवर पाठवणारा खरा असल्याचे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी हव्यातच. त्यांच्याविना सुबक मराठी ईमेलही स्पॅममध्ये पडू शकतो.