अधलंमधलं!

‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणताना आपण नकळत एका शास्त्रीय कल्पनेलाच नावं ठेवत असतो. शिस्तीत बसलेल्या दोघांच्या मधे तिसऱ्याने शिरायचं, हेच ‘इंटरकलेशन’. लॅटिनमधला मूळ अर्थ पंचांगात जादा दिवस पुकारणं. रायपूर आणि भिलाईच्या मधे टेकलेल्या कुम्हारीत तर असे घुसखोर पायाखालीच सापडतात.

चुन्यात चिखल : या पट्ट्यात एके काळी समुद्र होता. १०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी कधी चुना साचला, कधी चिखल. म्हणून आज चुनखडकाच्या मधे शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) पापुद्रे दिसतात.

दगडातला कांदा : इथल्या चुनखडकात कांद्यासारखी पाकळीदार नक्षी असते. सूक्ष्मजीवांची चिकट साय, तिच्यावर गाळ, पुन्हा साय, पुन्हा गाळ! हे स्ट्रोमॅटोलाइट. भूशास्त्र कुठे संपलं आणि जीवशास्त्र कुठे सुरू झालं, ते सांगा पाहू!

फुगणारी जमीन : छत्तीसगडी शेतकरी काळ्या मातीला ‘कन्हार’ म्हणतो. पावसाचं पाणी तिच्या चिकणमातीच्या सूक्ष्म पत्र्यांमधे शिरतं आणि जमीन फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेलं, की हात जाईल एवढ्या भेगा!

मुंबईची जागाटंचाई : वरळीला बेडकांनी चक्क लाव्हाच्या थरांमधल्या गाळात मुक्काम ठोकला. तिथले त्यांचे जीवाश्म प्रसिद्ध आहेत.

शेंडा गेला तरी बेहत्तर : गवत आणि भात मधूनही वाढतात. पेरांच्या तळाशी वाढीच्या पेशी दडलेल्या असतात. म्हणूनच गाईने शेंडा खाल्ला, तरी गवत पुन्हा उभं!

जिन्यात अडकलेलं औषध : डीएनएच्या गोल जिन्यात दोन पायऱ्यांमधे चपटे रेणू शिरतात, हे लिओनार्ड लर्मन यांनी १९६१ मध्ये मांडलं. कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन असंच आत घुसतं आणि पेशीला स्वतःची नक्कल करू देत नाही.

आणि तो तेरावा : चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी तोकडं. म्हणून २०२३ मध्ये श्रावण अधिक आला, २०२६ मध्ये ज्येष्ठ. जावईबापूंना तेहतीस अनारसे मिळतात, ते याच घुसखोराच्या कृपेने. तो नसता, तर दिवाळी सरकत सरकत भर उन्हाळ्यात आली असती आणि अभ्यंगस्नान गार पाण्याने करावं लागलं असतं!