ब्रेकरवर जोर कशाला लावताय?

आजचा विषय ब्रेकर. तोच तो, वरच्या फ्लॅटचं काम निघालं की नेमका आपल्या झोपेच्या वेळी सुरू होणारा.

नवीन माणूस मशीनवर अंगाचा सगळा भार टाकतो. गरजच नाही! आत मोटर पिस्टन मागेपुढे हलवते, पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या धक्क्याने छिन्नीवर घाव बसतो. आपण फक्त मशीन नीट धरायचं. जास्त रेटलं की थरथर हातात उतरते. रोज तासन्‌तास असं केलं तर बोटांना मुंग्या येतात, पुढे थंडीत बोटं पांढरी पडतात. दुखणं मुरलं की पूर्ण बरं होणं अवघड. म्हणून मुंग्या येऊ लागल्या तर डॉक्टरांना दाखवा. "सवय होते रे" म्हणणाऱ्या मुकादमाचं ऐकू नका.

छिन्नी मधोमध खोल घुसवली की अडकते. कडेपासून थोडं थोडं फोडा. बसवण्याआधी दांडा पुसून जरासं ग्रीस लावा. मशीन मधेच बंद पडतंय, ठिणग्या जास्त दिसतायत? कार्बन ब्रश बघा. झिजले असतील तर प्लग काढून दोन्ही एकदम बदला.

भिंतीत वायर असू शकते, त्यामुळे त्या खोलीचा एमसीबी आधी बंद करा आणि ब्रेकरला लाईन दुसरीकडून घ्या. आणि हो, काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती रुमालाने अडत नाही, एन-९५ मास्क लावा. कानातही प्लग हवेत.

बीम-कॉलमला मात्र इंजिनीअरला विचारल्याशिवाय छिन्नी टेकवायचीसुद्धा नाही.