पानाला तीस रुपये

सकाळी ८.४०
शटर अर्ध्यावर अडकतं. ताई खांदा लावतात, तेव्हा वर जातं. हिंगोलीतल्या कचेरीजवळच्या गल्लीतलं हे दहा बाय आठचं दुकान. बाहेर पाटी : टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्स मशीन आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. दुकान ताईंचं नाही, त्या रोजावर आहेत. दिवसाचे साडेतीनशे. सेनगावकडून काळी-पिवळीनं येतात, जाऊन-येऊन ऐंशी तिथंच जातात. त्या फडक्यानं कीबोर्ड पुसतात. ‘ए’ आणि ‘एस’ची अक्षरं कधीचीच उडालीत. बोटांचं त्यावाचून काही अडत नाही.

सकाळी ९.२०
पहिलं गिऱ्हाईक ट्रॅक्टरवालं. गाडी एमएच ३८, कर्ज फिटलेलं, बँकेचं पत्र हातात. ‘‘एचपी उतरवायचीय.’’ त्याला फॉर्म ३५ लागतो, दोन प्रती. ताई नाव, इंजिन नंबर, चॅसी नंबर भरतात. चॅसी नंबर दोनदा वाचून घेतात, कारण एक आकडा चुकला की माणूस आरटीओच्या खिडकीवरून परत. गिऱ्हाईक कागद डोळ्यांजवळ धरून अक्षरं लावतं. हाय-पो-थि-के-शन. ‘‘एवढा शब्द असतोय का? का बँकवाल्यानं जुळवला?’’ ताई त्याच्याच आरसी बुकावर बोट ठेवतात. तिथंही तोच शब्द. गाडी तुमच्या दारात, पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बोजा बँकेचा, एवढाच अर्थ. तो हसायला लागतो. ‘‘इतकी वर्षं एचपी म्हणजे हॉर्सपॉवरच समजायलो मी.’’ साठ रुपये. दहा सोडा म्हणतो. ताई पाच सोडतात.

सकाळी १०.४५
आता गर्दी. बाकावर तिघं, पायरीवर दोघं. एका पुतण्याला मयत चुलत्याच्या विम्याच्या पैशांसाठी शपथपत्र हवंय. तहसीलला मराठी चालतं, पण विम्याची फाइल बाहेरच्या राज्यात जाते, म्हणून इंग्रजी. नमुना वकिलाच्या जुन्या फाइलमधला. ताई टाइप करतात, पुतण्या शेजारी उभा राहून स्क्रीन वाचतो. एका ओळीवर थांबतो. चुलते ‘इश्यूलेस’ वारले.

‘‘ताई, हे चुकलं. इश्यू नव्हता कसं म्हणता? लई इश्यू होता. बांधावरून दोघं भाऊ कोर्टात गेलते.’’

पायरीवरचे हसतात. ताई हसत नाहीत, त्यांना हे नवीन नाही. कायद्याच्या इंग्रजीत इश्यू म्हणजे लेकरूबाळ. इश्यूलेस म्हणजे निपुत्रिक. पुतण्याचा विश्वास बसत नाही. तो एका शिक्षक मित्राला फोन लावतो. मित्र म्हणतो, असा शब्दच नाही, ‘चाइल्डलेस’ कर. ताई विम्याच्या पत्राची घडी उघडतात आणि तिसऱ्या परिच्छेदावर नख टेकवतात. छापील अक्षरांत इश्यूलेस. पुतण्या फोन ठेवतो. दोन पानं, साठ रुपये. नोटरीचा शिक्का वेगळा, तो समोरच्या टेबलावर.

दुपारी १२.१०
काळा कोट हातावर टाकून एक ज्युनियर वकील येतो. पक्षकाराला पुण्याला ऑपरेशनला जायचंय, तारीख अलीकडे ओढून हवी. अर्ज त्यानं हातानं लिहिलाय. ताई टाइप करतात. ‘प्रीपोन’खाली लाल रेघ उमटते. तिच्याकडे त्या लक्ष देत नाहीत. या कॉम्प्युटरला ‘कळमनुरी’ही मान्य नाही, ‘सेनगाव’ही नाही. दिवसभर तालुकेच्या तालुके लाल दिसतात.

मागून सीनियर येतात. उभ्यानंच पान वाचतात. ‘‘प्रीपोन हे इंग्रजी नाही. आपल्याकडचं खूळ आहे. साहेब हसतील.’’ ज्युनियर हळूच मोबाइल काढतो. ऑक्सफर्डच्या कोशात शब्द आहे. शिवाय १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला एका वाचकानं पत्र लिहून हा शब्द सुचवला होता, तोही मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी. ज्युनियर एवढं वाचून दाखवतो. सीनियर चष्म्यावरून बघतात. ‘‘ते न्यूयॉर्कला. इथं ‘अॅडव्हान्स’ लिहा.’’

ताई शब्द बदलतात. ओळ लांबते, सहीची जागा दुसऱ्या पानावर घसरते. मग समास आवळतात, अक्षर बारापासून साडेअकरावर आणतात, पुन्हा प्रिंट काढतात. जुनं पान पाठकोरं म्हणून टेबलाखालच्या गठ्ठ्यावर.

‘‘आणि एक पुरशीस घ्या,’’ सीनियर सांगतात. पुरावा संपला, एवढं कोर्टाला कळवायचं. चार ओळी. मथळा इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, ठळक. याही शब्दाखाली लाल रेघ. फारसीत पुरसिश म्हणजे विचारपूस, त्याच घरातला दिसतो. ज्युनियरच्या मोबाइलमधल्या इंग्रजी कोशात तो निघत नाही. सीनियर सही करतात, तारीख घालतात. कुणी काही विचारत नाही.

दुपारी १.५०
लाइट जाते. इन्व्हर्टर कॉम्प्युटर धरतो, झेरॉक्स धरत नाही. जेवायला हीच वेळ. ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. ताई मशीनकडे पाठ करून बसतात, तरी एक जण येतोच. ‘‘आधारची झेरॉक्स?’’ ‘‘लाइट आल्यावर.’’ तो उभाच राहतो. ताई डबा बंद करतात. मनगट दोन्ही बाजूंना वळवतात, बोटं मोडतात. इंग्रजी टंकलेखनाची चाळीसची परीक्षा त्या पास आहेत. आता वेग त्याहून जास्त आहे, पण दर पानावर आहे, वेगावर नाही.

दुपारी २.४५
हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. जिल्ह्यात हळदीचा व्यवहार मोठा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचे खरेदीदार पत्रं मागतात. मुलानं मजकूर मोबाइलवर आणलाय. फिंगर किती क्विंटल, बल्ब किती क्विंटल, डबल पॉलिश, पन्नास किलोच्या गनी बॅगा.

त्यालाच शंका येते. ‘‘फिंगर ठेवायचं का? वाचणाऱ्याला वाटंल, बोटं विकायलेत.’’ ताईंनी अशी पत्रं बरीच टाइप केलीत. हळकुंड म्हणजे फिंगर, गड्डा म्हणजे बल्ब, मसाल्याच्या बाजारात हेच चालतं. ‘‘मग ‘गनी’ तरी काढा. ते आपलं गोणीच लिहिल्यासारखं दिसायलंय. सॅक करा.’’ ताई मान हलवतात. गोणीच आहे ती. इंग्रजांनी इथनं उचलली, आणि आता त्यांच्या कोशात आहे. मुलगा वडिलांना फोन करतो. पलीकडून मोठ्यानं आवाज : ‘‘तागाची लिही, नाहीतर प्लास्टिकचीच पाठवतील!’’ ‘गनी’च्या आधी ‘जूट’ पडतं. एक पान, तीस रुपये, मेल पाठवायचे दहा.

दुपारी ४.१५
औंढ्याकडचा मुलगा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. त्याला बायोडाटा हवाय. दुधाळ्याला लायगो होणार, २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले, हे त्याला पाठ आहे. अर्जात प्रकल्पाचं नाव पूर्ण हवं म्हणतो. ताई वहीत बघून अक्षर-अक्षर मारतात : लेझर इंटरफेरोमीटर ग्रॅव्हिटेशनल-वेव्ह ऑब्झर्व्हेटरी. मुलगा मधल्या शब्दाला अडतो. ‘‘थर्मामीटर ऐकलंय. हे खरंच असतंय?’’ ताईंनी बातमीत वाचलंय तेवढं सांगतात. चार-चार किलोमीटरचे दोन हात, काटकोनात, आतून लेझर. ‘‘चार किलोमीटर? मग वायरिंग लई असंल,’’ मुलगा म्हणतो. पन्नास रुपये देतो आणि पेनड्राइव्हवरही मागून घेतो.

संध्याकाळी ५.४०
कोर्ट सुटतं. तासभर फक्त झेरॉक्स. पानाला दोन रुपये, पाठपोट तीन. मशीन तापतं, कागद अडकतो. ताई मागचं झाकण उघडून दोन बोटांनी तो अख्खा ओढून काढतात, कारण तुकडा आत राहिला तर मेकॅनिक बोलवावा लागतो, आणि तो नुसता यायचे तीनशे घेतो. प्रिंट फिकी यायला लागते. टोनर काढून आडवा हलवतात, पुन्हा बसवतात. अजून पन्नासेक पानं निघतील.

संध्याकाळी ७.०५
मालक येतात. गल्ला मोजला जातो, मग वही. रोखीचं जुळतं. वकिलांची उधारी महिन्याची असते, प्रत्येकाचं वेगळं पान. मालक टेबलाखालचं पाठकोरं उचलतात. ‘‘हे का वाया गेलं?’’ ताई सांगतात : प्रीपोन. मालकांना शब्दाशी देणंघेणं नाही. चूक कुणाची, एवढंच त्यांना हवंय. टायपिंगची असेल तर दुकानाची, मजकुराची असेल तर गिऱ्हाइकाची.

‘‘स्पेलिंग बरोबर होतं?’’
‘‘बरोबर होतं.’’
‘‘शब्द?’’
‘‘तोही.’’

मालक पेन ताईंच्या हातात देतात. सीनियरच्या खात्यावर ताई लिहितात : अर्ज एक पान, तीस. पुरशीस, तीस. दुरुस्ती, वीस.