मालक पुण्यात, खोल्या बिडकीनला

लेखमाला : लांबचं घर (लेखांक 7)

29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं हे 7,855 एकरांचं क्षेत्र छत्रपती संभाजीनगरपासून साधारण 20 किलोमीटरवर आहे. त्याच वर्षी एथर एनर्जीने इथे प्रकल्प जाहीर केला आणि टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. कारखाना उभा राहायच्या आधी बांधकामावरचे लोक येतात, मागोमाग वेल्डर, फिटर, सुपरवायझर. त्यांना राहायला खोल्या लागतात. पण गावात खोल्या काढणारे सगळेच मालक काही गावात राहत नाहीत. कुणी भोसरीला नोकरीत आहे, कुणी आखातात. मग प्रश्न येतो : फोनवरून आपणच सांभाळायचं की माणूस ठेवायचा?

बहुतेक जण आधी अंतर मोजतात. माझ्या मते आधी भाडेकरू मोजावेत. एकच फ्लॅट आहे, त्यात कुटुंब राहतं, भाडं दर महिन्याला खात्यात येतं, असं असेल तर माणूस ठेवायची गरज नाही. एजंटला एकदा दलाली द्यावी, करार नोंदवावा आणि ओळखीचा प्लंबर नि इलेक्ट्रिशियन यांचे नंबर भाडेकरूला देऊन ठेवावेत. मालक पुण्यात असो की दुबईत, फार फरक पडत नाही.

ओळीने काढलेल्या आठ खोल्यांचं गणित वेगळं आहे. ठेकेदाराचं काम संपलं की चार पोरं एकदम खोली सोडतात आणि कुलूप लावून किल्ली बरोबर नेतात. रात्री बोअरची मोटर जळते आणि सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांना पाणी नसतं. आठ खोल्यांत महावितरणचं मीटर एकच असेल तर दोघांनी पैसे थकवले की बिल अडतं आणि वीज मात्र सगळ्यांची जाते. मोटर काढून वाइंडिंगला न्यायला, रिकाम्या खोलीचं कुलूप तोडून ती धुऊन घ्यायला, सबमीटरचा आकडा स्वतः बघायला माणूस जागेवरच लागतो.

आता त्याचा खर्च बघा. समजा खोलीला 3,000 रुपये भाडं आहे. आठ खोल्यांचे महिन्याला 24,000 झाले. सांभाळणाऱ्याला दहा टक्के दिले तर 2,400. एक खोली महिनाभर रिकामी पडली तर 3,000 जातात, म्हणजे त्याच्या पगाराहून जास्त.

बिडकीनसारख्या गावात मात्र हा माणूस बहुधा फुकट मिळतो : चुलतभाऊ, मेहुणा, शेजारी. खरी अडचण तिथेच आहे. पैसे न घेता काम करणाऱ्याला हिशेब कोण विचारणार? "दादा, या महिन्यात दोघांनी भाडं दिलं नाही," असं तो म्हणाला की ऐकून घ्यायचं. विचारलं तर दिवाळीला घरात ताण. आणि त्याच्या बाजूनेही हा अन्यायच आहे : स्वतःची शेती नि दुकान सांभाळून रात्री टँकर बोलवायचा तो, नि संशयही त्याच्यावरच. म्हणून नात्यातला असला तरी पगार ठरवा आणि कागद करा. भाडं थेट मालकाच्या खात्यात जाईल. किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती तो न विचारता करेल. दर 1 तारखेला मीटरचा आणि रिकाम्या खोल्यांचा फोटो पाठवेल. एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या तरी निम्मे वाद होत नाहीत. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 213 नुसार मागेल तेव्हा हिशेब देणं प्रतिनिधीवर बंधनकारक आहे. कागद असेल तर तो मागताना संकोच वाटत नाही.

भाडेकरूंचे करार करणं हे त्याचं पहिलं काम असावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्याच अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते, म्हणजे दर भाडेकरूमागे मालकाला पुण्याहून यावं लागत नाही.

कराच्या बाबतीत एक गैरसमज दिसतो. सांभाळणाऱ्याचा पगार भाड्याच्या उत्पन्नातून वजा होईल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग खर्च शून्य असो की पन्नास टक्के. घरपट्टीचीही वजावट मालकाने स्वतः भरली असेल तरच. तेव्हा ग्रामपंचायतीची पावती जपून ठेवायला त्या माणसाला बजावून सांगा.

शेवटची गोष्ट सगळ्यात जपण्याची. सोय म्हणून कुणालाही सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र देऊ नका. औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या गावात जागेवर नजर ठेवणारे कमी नसतात, आणि सर्वाधिकारात विक्रीचा नि गहाणाचा अधिकार सहज बसतो. भाडं वसूल करणं, भाडेकरारावर सही करणं, महावितरण आणि ग्रामपंचायतीत अर्ज देणं, एवढेच अधिकार लिहा. विक्री, गहाण आणि बक्षीसपत्र यांचा अधिकार नाही, हेही स्पष्ट लिहा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

पुढच्या लेखांकात डिपॉझिट : किती घ्यावं आणि खोली सोडताना त्यातून काय कापता येतं.