बालवीर चळवळ आणि हुबळीचा धडा

‘बालवीर चळवळ आणि समाजसेवा’ हा विषय मी आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी निवडला, याचे कारण हुबळी-धारवाडच्या इतिहासाशी असलेले त्याचे नाते.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांची छावणी भरविली, तेथून या चळवळीचा उगम झाला. तिची रचना साधी आहे. सहा-आठ मुलांचा एक संघ आणि त्यांच्यातलाच एक नायक. गाठी मारणे, प्रथमोपचार, स्वयंपाक ही कामे स्वतःच्या हातांनी शिकावयाची आणि रोज एक तरी सत्कृत्य करावयाचे. नायकही मूलच असल्यामुळे जबाबदारी म्हणजे काय, हे मुलांना अनुभवातून उमगते.

१९०९ मध्ये चळवळ भारतात आली. परंतु प्रारंभी तिची दारे युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच खुली होती. ॲनी बेझंट आणि पंडित मदनमोहन मालवीय यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र पथके उभारली. अधिकृत चळवळीत मात्र राजनिष्ठेची शपथ होती. शिस्त हवी, पण निष्ठा कोणाच्या चरणी वाहावयाची, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

धारवाडात १८८९ साली जन्मलेल्या डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकरांनी त्याला कृतीने उत्तर दिले. १९२३च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात हुबळी सेवा मंडळाच्या स्वयंसेवकांनी तुरुंगवास पत्करला, पण माफी मागितली नाही. त्याच वर्षअखेरीच्या काकिनाडा काँग्रेसनंतर हिंदुस्थानी सेवा दल आकारास आले. जवाहरलाल नेहरू त्याचे पहिले अध्यक्ष झाले, तर महिला विभागाची धुरा हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांनी वाहिली. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बेळगाव काँग्रेसमध्ये हर्डीकरांचे स्वयंसेवक व्यवस्थेसाठी राबले. सेवा दल ही बालवीर चळवळीची शाखा नव्हती. कवायत, छावणी आणि सेवा यांची सांगड मात्र दोहोंत समान होती.

१९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि प्रतिज्ञेत राजाऐवजी देश आला. तेव्हा निष्ठेचा प्रश्न मिटला. सेवेचा मिटलेला नाही. गणवेश आणि पदके मिळाली म्हणजे काम संपले, असे मानण्याचा मोह आजही होतो. मुलाला जखम बांधता येते काय, गर्दीत वृद्धाला वाट करून देणे सुचते काय, अन्यायाच्या आज्ञेला नकार देण्याचे धैर्य आहे काय, याच माझ्या मते खऱ्या कसोट्या. माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार शाळेच्या पथकाला दिला, तर हे शिक्षण मैदानावरून गल्लीत पोहोचेल.